लोणंदला साडेदहाची न्याहारी कोठे करावी?

न्याहारी आणि दुपारचे जेवण या दोहोंची भूक एकाच बैठकीत भागविणाऱ्या खाण्याला इंग्रजीत ‘ब्रंच’ असे म्हणतात. १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या एका इंग्रज लेखकाने एका साप्ताहिकात या शब्दाची वकिली केली. त्याचा युक्तिवाद मोठा मजेदार होता. शनिवारची रात्र मौजेत घालविणाऱ्या गृहस्थावर रविवारी सकाळी लवकर उठून न्याहारीला बसण्याची सक्ती कशाला, त्याने आरामात उठावे आणि एकदमच जेवावे, असे त्याचे म्हणणे होते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत हा शब्द केव्हाच रुळला आहे आणि आता लहान महाविद्यालयीन गावांतूनही ‘ब्रंचला कोठे जावे’ अशी पृच्छा होऊ लागली आहे. लोणंदला हा प्रश्न विचारला तर प्रथम हसू येईल. वस्तुतः हसण्यासारखे त्यात काही नाही. सकाळी साडेदहा-अकराला दिवसाचे पहिले अन्न पोटात घालणारी माणसे लोणंदला पुष्कळ आहेत. फरक इतकाच, की ती उशिरा उठलेली नसतात. फार लवकर उठलेली असतात.

नीरा नदी ओलांडून पुणे जिल्ह्यातून सातारा जिल्ह्यात शिरले, की पहिले मोठे गाव लागते ते लोणंद. तालुक्याचे ठिकाण खंडाळा असले तरी बाजारपेठ लोणंदची. पुणे-मिरज लोहमार्गावरचे हे स्थानक. फलटणचा फाटाही येथूनच फुटतो आणि त्यावर प्रवासी गाडीही धावू लागली. कांद्याच्या व्यापारात लोणंदचे नाव राज्यभर आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आषाढात नीरास्नान आटोपून मुक्कामाला येते ती येथेच. पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण होते. आणि या सर्वांबरोबर गावात शाळा आहेत, रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय आहे. भोवतालच्या वाड्या-वस्त्यांवरून मुले-मुली येथे शिकायला येतात. बाजार, स्थानक आणि महाविद्यालय या तिन्हींची वर्दळ सकाळीच असते. त्यामुळे साडेदहाच्या भुकेचा प्रश्न येथे चैनीचा नाही, सोयीचाही नाही. तो निखळ अर्थशास्त्राचा आहे.

ग्रामीण महाविद्यालयांचे वर्ग बहुधा सकाळी भरतात. मुलांना दुपारी शेतावर किंवा कामाला जाता यावे, हा त्यातला हेतू योग्यच आहे. परंतु आठच्या तासाला पोहोचायचे तर वस्तीवरून सहा-साडेसहाची एस.टी. पकडावी लागते. त्या वेळी घरात चूल पेटलेली असली तरी भाकरी झालेली असतेच असे नाही. कपभर चहा आणि फार तर दोन बटर एवढ्यावर मुलगा घराबाहेर पडतो. दोन-तीन तास झाले की पोटात कावळे ओरडू लागतात. परतीची गाडी एक-दीडची. म्हणजे घरचे जेवण दोन-अडीचला. आदल्या रात्रीच्या आठच्या जेवणापासून मोजले तर हे अंतर अठरा तासांचे होते. या अठरा तासांच्या मधोमध काय खावे आणि कोठे, हा लोणंदच्या ब्रंचचा प्रश्न आहे.

शेतकऱ्याच्या दिनक्रमात याचे उत्तर पूर्वापार ठरलेले होते. पहाटे औत धरणाऱ्या माणसासाठी नऊ-दहाच्या सुमारास घरची बाई डोक्यावर पाटी घेऊन बांधावर येई. बाजरीची भाकरी, झुणका किंवा कोरड्यास, ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. याला न्याहारी म्हणत आणि ती पोटभरीची असे. बेरिंजरच्या कितीतरी पिढ्या आधी या मुलखाने न्याहारी आणि जेवण यांचा मेळ घातला होता, तोही रात्रीच्या मौजमजेशिवाय. बांधावरून त्याच घरातला मुलगा वर्गात गेला आणि पाटी मात्र मागे राहिली. तिची जागा घेतली ती वडापावने.

परतणारे गिऱ्हाईक

तेव्हा लोणंदला गेलेल्या माणसाने, विद्यार्थ्याने काय किंवा पाहुण्याने काय, सकाळी खावे कोठे? पाट्या वाचून हे ठरविता येत नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ याने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटाही मिळाला. विकणाऱ्याला मालाची खरी स्थिती ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. अशा बाजारात खराब माल चांगल्याला हुसकून लावतो, हे त्याचे सांगणे. खाण्याच्या बाजाराला ते तंतोतंत लागू पडते. तळणीचे तेल कितवे, रस्सा कालचा की आजचा, हे दुकानदारालाच माहीत. गिऱ्हाईकाचे रक्षण करणारी गोष्ट एकच: ते उद्या पुन्हा येणार आहे की नाही.

या कसोटीने पाहिले तर हमरस्त्यावरचे झगमगीत हॉटेल सर्वांत शेवटी येते. तेथील गिऱ्हाईक मोटारीतून उतरते आणि पुन्हा दिसत नाही. स्थानकाबाहेरच्या टपरीची गोष्ट थोडी बरी. तेथे रोजचे प्रवासीही असतात. एस.टी. स्थानकाच्या परिसरात चालक-वाहक ज्या ठिकाणी बसतात ते ठिकाण डोळे मिटून निवडावे. त्यांना रोज तेथेच खायचे असते, आणि बिघडलेल्या पोटाने गाडी हाकता येत नाही. परंतु सर्वांत भरवशाची जागा म्हणजे बाजार समितीच्या आवाराभोवतीची साधी हॉटेले. तेथे पहाटेपासून पोती उचलणारे हमाल, मापाडी आणि रात्रभर गाडीत बसून आलेले शेतकरी खातात. कष्टाच्या माणसाला दहा वाजता नाश्ता नको असतो, जेवण हवे असते. तेथे रस्सा तासाभरात संपतो, म्हणून ताजा असतो. दर जास्त लावला तर हमाल दुसऱ्या दिवशी शेजारी जातो, म्हणून दरही आवाक्यात राहतो. टेबलावरच्या मेणकापडाकडे पाहून नाक मुरडणाऱ्याने खुशाल हमरस्त्यावर जावे.

मग विद्यार्थ्यांनीही तेथेच का जाऊ नये? काही जातातही. पण दोन तासांच्या मधल्या वीस-पंचवीस मिनिटांत बाजारात जाऊन परत येणे सर्वांना साधत नाही. वेळेचीही किंमत असते. ती मोजली की फाटकासमोरची वडापावची गाडी स्वस्त ठरते, आणि गाडीवाल्याला हे पक्के ठाऊक असते.

मिसळ आणि कांदा

मिसळीचा विचार केल्याशिवाय सातारा जिल्ह्यातील कोणत्याही न्याहारीचा विचार पुरा होत नाही. लोणंदच्या संदर्भात तर तो अधिकच उद्बोधक आहे. कारण मिसळीवर पडणारा कांदा जेथे पिकतो आणि विकतो तेथेच ती खाल्ली जाते. एका बशीवर मूठभर कांदा पडतो. तो ५० ग्रॅम धरला, तर किलोला १० रुपये भाव असताना त्याची किंमत ५० पैसे होते आणि ६० रुपये भाव झाला तर ३ रुपये. म्हणजे तेजी-मंदीच्या दोन टोकांत फरक पडतो तो अडीच रुपयांचा. असे असताना भाव चढला की बशीतला कांदा नाहीसा होऊन तेथे कोबी किंवा मुळ्याचा कीस येतो. आणि भाव कोसळला तरी बशीचा दर मात्र जागचा हलत नाही. वाढलेला दर पुन्हा न उतरणे याला अर्थशास्त्रात किंमतींची ताठरता म्हणतात. व्यापारी सिलिंडर, तेल, पाव, पोऱ्याचा पगार आणि गाळ्याचे भाडे हे खर्च दरामागे असतात हे खरे, आणि हॉटेलवाल्याला केवळ नफेखोर ठरविणे अन्यायाचे होईल. तरी सोय नेहमी एकाच बाजूची होते हेही खरे.

आता हाच हिशेब उलट बाजूने मांडून पाहावा. मिसळीची बशी ६० रुपयांची धरली आणि कांद्याला शेतकऱ्याच्या पदरात किलोला १० रुपये पडले असे मानले, तर कांदा उत्पादकाच्या मुलाला एक मिसळ खाण्यासाठी बापाचा ६ किलो कांदा विकावा लागतो. महिन्याचे २४ दिवस धरले तर जवळजवळ दीड क्विंटल. आणि १० रुपये हा काही पडेल भाव नव्हे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात पाच क्विंटलांहून अधिक कांदा विकून, हमाली-तोलाई-वाहतूक वजा जाता, शेतकऱ्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडल्याची घटना साऱ्या देशाने वाचली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविले आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. बंदी मे २०२४ मध्ये उठली, शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ ला. हे सारे कशासाठी, तर शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून. त्यामुळे मिसळीची बशी स्वस्त झाल्याचे कोणी सांगत नाही. बापाचा भाव पडला आणि मुलाचा खर्च आहे तेथेच राहिला. एकाच घराला एकाच धोरणाचा हा दुहेरी फटका आहे आणि तो कोणत्याही निर्देशांकात दिसत नाही.

एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली दाखवून दिले, की कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. त्याचा एक उपसिद्धांत पाठ्यपुस्तकात नसतो: गरिबाला काटकसर करायची झाली तर हात घालायला अन्नाखेरीज जागाच नसते. एस.टी.चा पास काढावाच लागतो, परीक्षेचे शुल्क भरावेच लागते. उरते ती साडेदहाची भूक. ती मारता येते.

मुलींनी काय करावे?

आतापर्यंत उल्लेखिलेल्या जागांपैकी एकही जागा मुलींची नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. वडापावच्या गाडीभोवती मुलांचा घोळका असतो. हमालांच्या हॉटेलात एकटी-दुकटी मुलगी बसली तर गावात चर्चा होते. ती चर्चा चुकीची आहे हे सांगून मुलीची भूक भागत नाही. ‘कौटुंबिक कक्ष’ अशी पाटी लावलेल्या जागी दर अधिक. परिणामी बऱ्याच मुली दुपारी दोनपर्यंत काही खात नाहीत, किंवा पिशवीतले बिस्किट वर्गातच मोडून खातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ या वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला आणि आधीच्या पाहणीपेक्षा हे प्रमाण वाढलेले होते. याचा सारा दोष सकाळच्या उपासाला देणे अशास्त्रीय होईल. पण रक्त कमी असलेल्या मुलीला अठरा तास उपाशी ठेवून तिच्याकडून चौथ्या तासाला लक्ष देण्याची अपेक्षा करणे हेही शास्त्रीय नाही.

शासनाने मुलींसाठी काही केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. अहिल्याबाई होळकर योजनेखाली गावांतील मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा प्रवास मोफत आहे. २०२४ मध्ये राज्याने मर्यादित उत्पन्नाच्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्कही माफ केले. प्रवास झाला, शुल्क झाले. ताट तेवढे राहिले. आपल्या धोरणात विद्यार्थ्याची भूक वयाच्या चौदाव्या वर्षी संपते. माध्यान्ह भोजन १९९५ साली सुरू झाले, सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशाने शाळांतून शिजवलेले अन्न मिळू लागले. पण ते आठवीपर्यंत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सकाळच्या नाश्त्याची आवश्यकता मान्य केली आणि तामिळनाडूने २०२२ मध्ये प्राथमिक शाळांतून तो प्रत्यक्ष सुरू केला. तोही लहान मुलांपुरता. नववीत गेलेला मुलगा एका रात्रीत प्रौढ होतो.

प्रौढांसाठीही योजना निघाल्या. १९९५ च्या युती शासनाने एक रुपयात झुणका-भाकर दिली. ती केंद्रे पुढे कशाकशाची झाली हे सर्वांना ठाऊक आहे. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात. शहरी केंद्रात थाळीमागे ४० रुपये आणि ग्रामीण केंद्रात २५ रुपये अनुदान ठरले. कल्पना चांगलीच होती. वेळ मात्र ठरली दुपारी बारा ते दोन. भूक साडेदहाला लागते आणि सरकारचे ताट बाराला मांडले जाते, तेव्हा ते ताट मुळात कोणासाठी योजले होते असा प्रश्न पडतो.

भाऊरावांचे वसतिगृह

सातारा जिल्ह्याला या बाबतीत बाहेरून धडा घेण्याचे कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभे केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव मिळाले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एका पंक्तीत जेवत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी आपले दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही विकले, ही हकीकत जिल्ह्यातल्या शाळकरी पोरांना माहीत असते. तिचे सांगणे बहुधा त्यागाची गोष्ट म्हणून होते. ती शिक्षणाच्या अर्थव्यवस्थेची गोष्टही आहे. शिक्षणाच्या खर्चात पहिली बाब अन्नाची आणि ती विद्यार्थ्यावर सोडून चालत नाही, हे भाऊरावांनी ओळखले होते. गावोगाव महाविद्यालये निघाली, मुलाला वसतिगृहात राहण्याची गरज उरली नाही, ही प्रगतीच होय. पण वसतिगृहाबरोबर पंक्तही गेली, आणि तिच्या जागी काय आले याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

आले ते ‘उपाहारगृह’. महाराष्ट्रातल्या कितीतरी शिक्षणसंस्थांत ते ठेक्याने दिले जाते आणि ठेका सर्वांत जास्त भाडे देणाराला मिळतो. हिशेबतपासनिसाला ही पद्धत निर्दोष वाटते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती उफराटी आहे. समजा, ठेकेदाराने वर्षाला एक लाख रुपये भाडे कबूल केले आणि वर्षाचे २०० दिवस रोज २०० ताटे खपली. ४०,००० ताटे झाली. म्हणजे दर ताटामागे अडीच रुपये भाड्याचे. बशीतल्या कांद्याच्या तेजी-मंदीने जेवढा फरक पडतो तेवढाच हा आकडा आहे, ही गंमत लक्षात घेण्यासारखी. हे अडीच रुपये ठेकेदार पदरचे देत नाही. ते मुलाकडून येतात आणि संस्थेच्या जमाखात्यात पडतात. भूक लागली म्हणून विद्यार्थ्यावर बसविलेला हा करच म्हणायचा. शिवाय जास्त भाडे भरलेल्या ठेकेदाराला भाकरी परवडत नाही. तळलेला, दिवसभर टिकणारा, एका हाताने विकता येणारा पदार्थच परवडतो. मुलांना वडापावच आवडतो असे म्हणणाऱ्यांनी मुलांपुढे दुसरे काही ठेवून पाहिलेले नसते.

ठेका भाड्याच्या बोलीवर न देता ताटाच्या दरावर द्यावा. जागा, पाणी आणि वीज संस्थेने द्यावी. दोन भाकऱ्या, एक उसळ किंवा झुणका आणि कांदा एवढे ताट सकाळी दहा ते साडेअकरा या वेळात जो गट सर्वांत कमी दरात देईल त्याला काम मिळावे. असे गट गावोगाव आहेत. स्त्रियांच्या बचत गटांनी पापड-लोणच्यांच्या पलीकडे जावे असे भाषणांतून सांगितले जाते. त्यांना रोजचे, ठरलेले गिऱ्हाईक मात्र कोणी देत नाही. मुंबईत गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने एकत्र आणले आणि बँकेच्या कर्जाची वाट खुली केली. त्या बायांजवळ भांडवल नव्हते, पण महिन्याचे बांधलेले गिऱ्हाईक होते. महाविद्यालयाजवळ तसे गिऱ्हाईक आयते आहे. वेळापत्रकात मधली सुट्टी तेवढी दहा-पंधरा मिनिटांनी वाढवावी लागेल.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. मोबाईलला पैसे आहेत आणि जेवणाला नाहीत काय, हा पहिला. यात थोडे तथ्य आहे, पण थोडेच. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे वेळापत्रक हे सारे मोबाईलवर ढकलून दिल्यानंतर मोबाईलला चैन म्हणण्याचा अधिकार निदान शिक्षणखात्याला तरी उरत नाही. दुसरा आक्षेप अधिक सोज्ज्वळ असतो: घरून डबा का आणू नये? साडेसहाच्या गाडीला डबा द्यायचा तर आईने साडेचारला उठावे लागते. तीच आई आठ वाजता खुरपायला नाही तर शिरवळच्या कारखान्यात जायला निघते. घरचा डबा फुकट पडतो असे वाटते, कारण तिच्या पहाटेच्या दोन तासांची मजुरी कोणी मोजत नाही. शंभर घरांतील शंभर चुली पहाटे पेटविण्यापेक्षा एक मोठी चूल नऊ वाजता पेटविणे स्वस्त, हे समजायला पदवी लागत नाही.

आणि लोणंदला तर मोठी चूल नवीन नाही. पालखीच्या मुक्कामात हे गाव आपल्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसे जेवू घालते. घरोघरी पंक्ती उठतात, मंडळे पिठले-भाकरीच्या राशी रचतात, आणि दिंडीतल्या अनोळखी म्हातारीला जागा दाखवायला कोणाला संकोच वाटत नाही. त्या दिवसांत बायाबापड्यांनी कोठे बसून जेवावे, हा प्रश्नही पडत नाही. पालखी येते तो काळ महाविद्यालयांच्या नव्या वर्षाच्या आरंभाचा असतो. प्रवेश चालू असतात आणि उपाहारगृहाच्या ठेक्याच्या नोटिसाही याच सुमारास फळ्यावर लागतात. त्या नोटिशीत भाड्याचा रकाना असतो, अनामतीचा असतो, जागेच्या चौरस फुटांचाही असतो. ताटाच्या दराचा रकाना घालायला कागदावर आणखी एक उभी रेघ ओढावी लागेल, आणि ती ओढण्यासाठी मुंबईहून परिपत्रक येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.